राजाच्या बैलाच्या गळ्यातला मौज दीन

ढोक सहाल गावात जमीनवाल्याचं मेडल नसलेलं घर सापडणार नाही आणि मेडलबद्दल खरं बोलणारं घर तर त्याहून सापडणार नाही. पहिल्या मोठ्या लढाईत इंग्रजांनी चकवालच्या या बाजूने माणसं भुईमुगासारखी उपटून नेली, पोती भरभरून. परत आले ते मेडल घेऊन आले, नाही आले त्यांची मेडलं टपालाने आली, आणि मग कामाला लागली नातवंडं. कुणाच्या आजोबाने एकट्याने तोफ पळवली. कुणाच्या आजोबाने बादशहाशी हात मिळवला, आणि तेव्हा बादशहाचाच हात थरथरत होता म्हणे! सगळ्या गावात एक आजोबा असा नाही जो नुसता गेला, घाबरला, जुलाबाने लोळला आणि परत आला. एक नाही!

या थापांचा वैरी एकच, मास्तर मीरजमान. सरकारी शाळेत पोरांकडून कवायत करून घेऊन रिटायर झालेला, उंच, वाळका, नाकपुड्या कायम फुललेल्या, जणू समोरच्याच्या अंगाला वास येतोय. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं घड्याळजीचं भिंग. त्याचं म्हणणं एवढंच की मेडलचं तोंड बघू नका, कड बघा. तोंडावर बादशहा आहे, तो सगळ्यांना सारखाच. पण कडेवर, नाण्याच्या जाडीएवढ्या त्या पट्टीवर, इंग्रजांनी एकेका माणसाचं नाव, हुद्दा आणि पलटण ठोकून ठेवलीय. पलटण कळली की ती कुठे गेली ते कळतं, आणि ती कुठे गेली ते कळलं की आजोबाची तोफ कुठे जाते ते विचारू नका.

नुसती अक्षरंच नाही, मास्तर ओरखडेही वाचायचा. वरची कडी झिजलीय म्हणजे माणसाने छातीवर खूप मिरवलं. कडी कोरी आहे म्हणजे पेटीतून काढलंच नाही, आणि असा माणूस बहुतेक वेळा खरोखर काहीतरी बघून आलेला असतो. कडेवर बारीक खाच आहे म्हणजे सोनाराने कस लावून बघितलाय, कुठल्यातरी वाईट वर्षी घरात पीठ नव्हतं. कडी करवतीने कापलीय म्हणजे बायकोने गळ्यात घातलं. एवढंसं चांदीचं चकतं हातात घेऊन तो माणसाचा अख्खा जन्म सांगायचा, आणि तो जन्म ऐकून घरच्यांचा चेहरा पडला की याच्या पोटात गार वाटायचं. खोटं कशाला बोला.

ही सवय लागली घरातूनच. मास्तरच्या घराण्याची कथा अशी की आजोबा फ्रान्समध्ये जर्मनांच्या संगिनींवर छाती लावून उभे राहिले. मास्तरने तरुणपणी त्यांचं मेडल उपटलं, कड वाचली, पुस्तकं धुंडाळली, पिंडी शहरात जाऊन जुन्या फौजी लोकांचं डोकं खाल्लं. निघालं काय? ती पलटण मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, कालव्यावर पहाऱ्याला होती. आजोबा चार वर्षं पाणी बघत बसले होते! मास्तर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, "जरा तुमचंही मेडल दाखवा." आपल्या एकट्याच्याच आजोबाने का म्हणून कालव्यावर बसावं?

"मेलेल्यांना परत मारत फिरतात," त्याची बायको सुग्रा लोकांना सांगायची. "जर्मनांनी सोडलेत ते आमच्या मास्तरांनी टिपलेत."

मागच्या थंडीत ब्रॅडफर्डहून एक तैमूर नावाचा पोरगा आला. चकाचक दाढी, पाण्याची बाटली स्वतःची. पणजोबाचं मेडल मखमलीच्या डबीत.

"अंकल, आमच्या पणजोबांना सगळ्यात मोठा क्रॉस मिळणार होता. गोऱ्यांनी जळून दिला नाही. घोडदळात होते."

मास्तरने भिंग लावलं. मग भिंग काढलं. मग मुद्दाम चहाचा एक लांब घोट घेतला. हा घोट त्याचा खास होता, सगळा गाव ओळखायचा.

"घोडदळ नाही. खेचरं."

"म्हणजे?"

"म्हणजे घोड्याचा नातेवाईकच, पण गरीब. तुझे पणजोबा इराकमध्ये खेचरांच्या तांड्यात होते. पीठ आणि दारूगोळा वाहायचे. आणि ही कडी बघ, एका बाजूनेच झिजलीय. डाव्या खांद्याने वाकडे चालत असणार. खेचराने लाथ मारलेली दिसते."

"हे सगळं या मेडलवरून?" पोराचा आवाज चिरकला.

"लाथ माझा अंदाज. खेचर पक्कं."

पोरगा परत जाऊन आपल्या मोबाइलवर 'शूर घोडेस्वाराचा पणतू' असंच लिहून मोकळा झाला. बुटावर धूळ बसली तर रुमाल काढणारी जमात, यांना खेचर कसं चालेल! इराकच्या उन्हात पीठ नेऊन पोचवलं म्हणून पुढचे जेवले, हे त्याला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मास्तरलाही सुचलं नव्हतं. त्याला फक्त घोडा मारायचा होता.

आता हा असा सगळ्यांचा वैरी, तर गावाने याला हाकलायला हवं होतं. पण याला एक खुर्ची होती. राजा कर्मदादच्या डेऱ्यावर, म्हणजे त्याच्या घराबाहेरच्या बैठकीत, खिडकीजवळची वेताची खुर्ची. राजा म्हणजे मुकुटवाला नव्हे, इकडे राजपुतांना राजाच म्हणतात, आणि कर्मदादला तर मुकुट नसल्याचं लक्षातही नव्हतं. पेट्रोल पंप त्याचा, ट्रॅक्टरं त्याची, शर्यतीचा बैल सुलतान त्याचा. त्याच्याकडे मास्तरला सायवाला चहा मिळायचा आणि चार लोकांदेखत "आमचे मास्तर" म्हटलं जायचं. त्या दोन शब्दांसाठी मास्तर कुणाचाही आजोबा पाडायला तयार असायचा. एक सोडून.

खुर्चीच्या बरोबर समोर भिंतीवर राजाच्या आजोबांची फ्रेम होती. सुभेदार जहाँदाद खान. मिशा, फेटा, आणि खाली हिरव्या मखमलीत रुतवलेलं चांदीचं मेडल, वर काच, चारी बाजूंनी खिळे. आता त्या मेडलच्या मागच्या बाजूला इंग्रजांनी एक घोडेस्वार काढलाय, अंगावर चिंधी नसलेला. नागडा! घरात बायाबापड्या असतात, मौलवी साहेब चहाला येतात. म्हणून सगळ्या गावाने मेडलं बादशहाचं तोंड बाहेर ठेवून सरसाने फळीला चिकटवलेली. नागडा आत, कड सरसात. त्या एका लाजेपायी शंभर वर्षं कुणाला कड दिसली नाही, आणि म्हणूनच इतक्या तोफा पळाल्या. मास्तर घरोघरी जाऊन वाफेवर सरस सोडवायचा आणि कड वाचायचा. फक्त या हिरव्या मखमलीला त्याने कधी हात लावला नव्हता. एकदा नुसतं म्हणाला होता, "राजासाहेब, कधीतरी ही..."

"काच जुनी आहे मास्तर," राजा म्हणाला होता. "चहा घ्या."

मास्तरने चहा घेतला होता.

मग रस्त्याचं निघालं. राजाने गावाबाहेर लग्नाचा हॉल बांधला, गुलाबी, वर सोनेरी घुमट, आत थंड हवा सोडायची मशीनं. तिकडे जायचा रस्ता कब्रस्तानातून, आणि तो अरुंद. वराची गाडी जाते, पण तिच्या शेजारून ढोलवाले जाऊ शकत नाहीत. रुंद करायचा. पण एका बाजूला सुभेदार जहाँदादची संगमरवरी कबर, भोवती लोखंडी कठडा, आणि दुसऱ्या बाजूला काम करणाऱ्या लोकांच्या कबरी, मशकीने पाणी वाहणारे माशकी, कुंभार, लोहार, नुसते मातीचे उंचवटे. कुठल्यातरी बाजूचं खायला लागणार. आता कुठलं खायचं हा काय प्रश्न झाला? पण राजाला ते न्यायाने केलेलं दिसायला हवं होतं. या लोकांना नुसतं ओरबाडून समाधान होत नाही, वर शाबासकी लागते.

"फौजींच्या कबरींना हात लावायचा नाही," डेऱ्यावर राजा म्हणाला. "बाकीची माती सरकवायची. मौलवी साहेब म्हणतात इतक्या जुन्या कबरीत उरतं काय."

"पण फौजी कोण ते ठरवायचं कसं?" कुणीतरी विचारलं.

इथे मास्तरला गप्प बसवेना. खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, "कड! ज्याच्या मेडलच्या कडेवर नाव, तो फौजी. तोंडाने कुणीही काहीही सांगेल. कड सांगेल ते खरं."

"वा, आमचे मास्तर! ठरलं," राजा म्हणाला. "सगळ्यांना सारखा नियम." कुंभारा-माशक्यांकडे कुठलं आलंय मेडल, हे डेऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. जुम्म्याच्या नमाजनंतर सगळ्यांनी मेडलं घेऊन यायचं ठरलं.

संध्याकाळी मास्तर मासी भागभरीच्या तंदूरवर रोट्या आणायला गेला. ही मौज दीन माशक्याची नात. सत्तरी कधीच ओलांडलेली, हात कोपरापर्यंत भाजून काळे पडलेले, आणि जीभ तंदूरपेक्षा गरम. सगळ्या गावाचं पीठ तिच्याकडे येतं, आणि पिठाबरोबर सगळ्या गावाच्या बातम्या.

"आले कडवाले," ती वाकूनच म्हणाली. "मास्तर, रोटी काढू का जळू देऊ? तुझं काय, जळकी कड वाचत बसशील."

"मासी, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"सारखा! माझ्याकडे मेडल नाही हे तुला माहीत, राजाला माहीत, या तंदूरला माहीत. माझ्या आजोबाच्या छातीवरून ढोल वाजवत वराती जाणार आणि तू म्हणतोस सारखा."

"पण मौज दीन फौजेबरोबर गेला होता याला काही..."

"त्याच्या खांद्याला घट्टा होता. मशकीच्या पट्ट्याचा. मी लहान असताना त्यावर बोट फिरवत झोपायची."

"घट्टा काय, गावात पाणी वाहूनही पडतो."

"गावात पाणी वाहून माणूस झोपेत 'पाणी आलं, पाणी आलं, गोळी मारू नका' असं ओरडतो?"

रांगेतल्या बाया मास्तरकडे बघायला लागल्या. मास्तरने रोट्यांचं फडकं पुढे केलं, म्हणजे विषय संपवा.

"त्याला एक गोल मिळालं होतं," भागभरी म्हणाली. "पितळेचं. लाल-पिवळं. राजाच्या आजोबाने नेलं ते, बैलाच्या पट्ट्यात लावायला. अजून आहे. राजा स्वतःच हसत हसत सांगतो की."

सांगायचा खरा. 'मौजूचं पितळ.' राजाच्या डेऱ्यावरचा जुना विनोद होता तो. मौजू लढाईवरून काय घेऊन आला, तर एक पितळी चकती, आमच्या आजोबांनी ती मूठभर भुईमुगात घेतली आणि बैलाला घातली, बैलालाही शोभेना! सगळे हसायचे. मास्तरही त्या वेताच्या खुर्चीत बसून हसलेला होता, एकदा नाही, कितीतरी वेळा.

"कँटीनचं टोकन असेल," तो म्हणाला, पण घरी येताना वाटेत दोनदा थांबला. कारण त्याने वाचलं होतं की लढणाऱ्यांना चांदीचं मेडल मिळालं, पण पाणी वाहणारे, ओझी उचलणारे, अशा कित्येकांना तेच मेडल काशाचं दिलं. तोच बादशहा, तोच नागडा घोडेस्वार, फक्त धातू हलका. मेल्यावरही जात विसरू नये म्हणून. आणि कासं लांबून दिसतं कसं? पितळेसारखं.

बुधवारी बैलांच्या शर्यतीचा जलसा होता. शेतात दोन्ही बाजूंना माणसं, ढोल, धुरळा, भाजलेल्या भुईमुगाच्या टरफलांचा खच. राजाचा सुलतान मध्ये उभा, शिंगांना तेल, पाठीवर आरशांची झूल, आणि गळ्यात तो रुंद चामडी पट्टा, घंट्यांनी आणि चकत्यांनी भरलेला. बैल मान हलवेल तसं खणखण वाजत होतं.

मास्तर जवळ गेला. बैलाने एक डोळा फिरवला.

"काय मास्तर, सुलतानच्या पण आजोबाची चौकशी का?" बैल धरणारा गडी म्हणाला, आणि आजूबाजूचे खदखदून हसले.

"याचा आजोबा खेचर निघाला तर शर्यत रद्द होईल हां!"

"मास्तर, मागच्या बाजूने बघा, तिकडची कड जास्त स्पष्ट आहे!"

हसू द्या. मास्तरने भिंग डोळ्याला लावलं आणि बैलाच्या गळ्याला लगटला. घामाचा, तेलाचा, शेणाचा वास. चकत्या बहुतेक पत्र्याच्या. एक घंटी. एक जुना पैसा. आणि मग एक जाड, तांबूस, मधोमध खिळ्याने भोक पाडलेलं. तोंड घासून घासून गुळगुळीत झालं होतं, दर शर्यतीआधी राखेने चमकवायचे ना, बादशहाचं नुसतं टक्कल उरलेलं. पण कड चामड्याच्या बाजूला होती. कड कुणी घासली नव्हती. मास्तरने नखाने मळ खरवडला आणि एकेक अक्षर वर आलं. हुद्द्याच्या जागी भिश्ती. मग मौज दीन. मग पलटण, आणि पलटण अशी की मास्तरने नाव दोनदा वाचलं, कारण ती इराकमध्ये तुर्कांनी इंग्रजी फौज कोंडली त्या वेढ्याकडे गेलेल्यांपैकी होती जिथून फार थोडे परत आले.

तेवढ्यात ढोल वाजला, सुलतानने मान झटकली आणि मास्तर धुरळ्यात आडवा. भिंग एकीकडे, पगडी दुसरीकडे. लोक पोट धरून हसले. तो तसाच पडून त्या खणखणणाऱ्या पट्ट्याकडे बघत होता. मिशांना ताव देणारी, फ्रेमा लावणारी, शेकडो नातवंडं या गावात. आणि इतकी वर्षं दुसऱ्याचं मेडल घालून एकही खोटं न बोललेला कोण? तर बैल!

आता कुणालाही वाटेल की मास्तर उठून थेट भागभरीकडे गेला असेल. गेला नाही. घरी गेला, पाय धुतले, खाटेवर पडला. खुर्ची आठवली. साय आठवली. 'आमचे मास्तर' आठवलं.

सुग्राने पाठीला हळद लावता लावता सगळं काढून घेतलं. चाळीस वर्षांचा संसार, तिला भिंग लागत नाही.

"मग सांगणार की नाही?"

"बघतो. जुम्म्याला काय वातावरण आहे त्यावर..."

"बघतो!" तिने हळदीचा हात त्याच्या पाठीवर असा थापला की तो कळवळला. "आजोबांनी चार वर्षं कालव्यावर पाणी बघत काढली. तुम्ही त्या खुर्चीत किती काढणार?"

सगळ्या जन्मात याच्या कडेवर कुणी इतकं नेमकं बोट ठेवलं नव्हतं. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडला. सकाळी उठून त्याने सरस सोडवायची किटली घासली, आणि ती घासताना त्याचे कान लाल झाले होते.

जुम्म्याला डेऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांनी मेडलं आणलेली, कुणी फळीसकट, कुणी आजीच्या हारासकट. गावचा सारा गोळा करणारा नंबरदार गुलबाज, जो पंच म्हणून बसला होता, त्याने स्वतःचंच पहिलं पुढे केलं. मास्तर वाचत गेला. हा फ्रान्स. हा मिसर. हा अदन. आज त्याने चहाचा लांब घोट एकदाही घेतला नाही, आणि लोकांना त्याचंच जास्त भ्या वाटायला लागलं. भागभरी दाराजवळ जमिनीवर बसली होती, ओढणीने घाम पुसत.

"झालं?" राजा म्हणाला. "मग त्या बाजूच्या मातीचं कुणाचं काही नाही. सोमवारी खोदायचं मशीन लावू."

"एक राहिलंय," मास्तर म्हणाला. आवाज चिरकला, त्या ब्रॅडफर्डच्या पोरासारखाच. "सुलतानचा पट्टा मागवा."

पट्टा आला, शेणासकट. मास्तरने नंबरदाराच्या हातात भिंग दिलं आणि जागा दाखवली. नंबरदाराने वाचलं, ओठ हलवत, एकेक अक्षर. मग भागभरीकडे बघितलं.

"मौज दीनच आहे," तो म्हणाला.

भागभरीने फक्त ओढणी तोंडाला लावली.

राजा हसला. हसण्याची सवय होती म्हणून हसला. "अरे, पितळ ते! मेडल चांदीचं असतं. हे पाणक्याचं."

"नियम कडेचा ठरला होता राजासाहेब, चांदीचा नाही," मास्तर म्हणाला. "आणि हे कासं आहे. पाण्याशिवाय तुमचे चांदीवाले दुपारपर्यंत टिकले नसते तिथे."

"आमचे आजोबा एवढे सुभेदार, त्यांनीच ते घेतलं होतं. त्यांनाही पितळच वाटलं. त्यांना कळत नव्हतं का?"

आणि इथे मास्तर थांबला. खरं तर एवढ्यावर काम झालं होतं, नंबरदार मान हलवत होता. पण राजानेच तोंडाने दार उघडून दिलं होतं, आणि मास्तरची नाकपुडी आपोआप फुलली.

"तेच मला झोप येऊ देत नाही राजासाहेब," तो हळू म्हणाला. "तेव्हा हे नवं होतं. वर बादशहाचं तोंड, मागे तो उघडा घोडेस्वार. सगळं अगदी चांदीच्या मेडलवर असतं तसंच. ज्याने स्वतःच्या छातीवर ते मेडल लावलं, रोज बघितलं, त्याला दुसऱ्याच्या हातात तेच दिसल्यावर ओळखू येऊ नये? पितळ वाटावं? बैलाला घालावं?"

डेऱ्यावरच्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. भिंतीकडे. हिरव्या मखमलीकडे.

"त्याचीही कड वाचून टाका की," दाराजवळून भागभरी म्हणाली, अगदी साधेपणाने, जणू रोटी भाजली का विचारतेय. "नियम सारखा आहे ना? संगमरवरालाही."

"मास्तर, किटली आहेच," मागून कुणीतरी म्हणालं.

राजा उठला. बसला. परत उठला. मिशीला हात गेला आणि ताव न देताच खाली आला. इतका मोठा माणूस, पंप आणि ट्रॅक्टरं आणि घुमटवाला, आणि एक पकड मागवायची हिंमत नाही! कुणी त्याला अडवलं नव्हतं. आजोबा खरेच गेले असतील तर दोन मिनिटांचं काम होतं, सगळ्यांची तोंडं बंद. खिळे काढायचे, कड दाखवायची. त्याला स्वतःलाही माहीत होतं की नव्हतं कोण जाणे. कदाचित माहीत नव्हतं, आणि म्हणूनच.

"काच जुनी आहे," तो म्हणाला. "फुटेल."

"काच फुटली तर..." नंबरदार म्हणायला गेला.

"रस्ता आहे तेवढाच राहील!" राजा ओरडला. "कुणाच्याच कबरीला हात लावायचा नाही. मेलेल्यांचा मान ठेवायला शिका जरा! गाडीवाल्यांनी हळू चालवायचं. ढोलवाले मागून येतील. संपलं. आणि ते पितळ घेऊन जा इथून."

पट्ट्यातून चकती उचकटून त्याने जमिनीवर टाकली. ती घरंगळत भागभरीच्या गुडघ्याला लागली. तिने उचलली, थुंकी लावून अंगठ्याने पुसली, आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली. जाताना फ्रेमकडे बघून म्हणाली, "सलाम सुभेदारसाहेब," आणि ते इतक्या गोड आवाजात की हसावं की नाही कुणाला कळेना.

त्या दिवसापासून वेताच्या खुर्चीच्या जागी पाण्याचा कूलर आहे. फ्रेम आता छताला टेकेल इतकी वर टांगलीय, शिडी लावल्याशिवाय तोंडही दिसत नाही, कड तर दूरच. आणि गुलाबी हॉलकडे जाणारी प्रत्येक वरात कब्रस्तानाजवळ चिंचोळी होते, गाड्या एकामागे एक सरपटतात, नवरदेव खिडकीतून वैतागून बघतो, आणि त्याला दिसतो एक मातीचा उंचवटा, चुन्याने नवा पांढरा केलेला.

मास्तर आता संध्याकाळी तंदूरवर बसतो, उलट्या बादलीवर. चहाला साय नाही, धूर आहे.

"मास्तर, खरं सांगा," बाया विचारतात, "त्या मखमलीत काय निघालं असतं?"

"न वाचलेलं मी सांगत नाही," तो म्हणतो, आणि लांब घोट घेतो.

मौज दीनच्या कबरीवर दगड लावायचा ठरला तेव्हा भागभरीने त्यालाच विचारलं, लिहायचं काय. मास्तरने खूप डोकं खाजवलं. शौर्य, वेढा, पलटण, असं बरंच सुचवलं. सगळ्या जन्मात पहिल्यांदा तो कुणाच्यातरी आजोबाला मोठं करायला बघत होता, आणि त्याला ते काही जमेना.

"गप रे," ती म्हणाली, तंदूरमध्ये हात घालत. "तूही तोफ पळवायला लागलास. लिही, भिश्ती मौज दीन. पाणी नेलं, पोचवलं. आणि बादली सोड आता, पीठ मळायला पाणी आणायचंय."

मास्तर उठला आणि बादली घेऊन नळाकडे गेला.